सायकल गडग्यावरून उचलता येते का ते आधी बघा

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की गेली दोन वर्षं हलकी फुल सस्पेन्शन ई-एमटीबी, म्हणजे मोटरवाली माउंटन बाइक, चालवतोय आणि जुनी साधी एमटीबी आता पडवीत धूळ खातेय. तेवढ्यावर इतके मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यातच गेला, बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन, क्रँकपाशी, म्हणजे पेडलच्या दांड्यांपाशी, एक छोटी मोटर, फ्रेमच्या नळीत बॅटरी. थ्रॉटल नाही. पेडल मारलं तरच मोटर साथ देते, पाय थांबले की तीही थांबते.

वय ३८, वजन ८२. पैसे जमवलेत (बायकोला अर्धाच आकडा सांगितलाय). ८५ न्यूटन-मीटरची फुल पॉवर घेऊ की ५०-६० वाली हलकी? मित्र म्हणतो एवढे पैसे ओतून कमी ताकदीची घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. — एक वाचक, चिपळूण

कागदावर मित्राचं बरोबर आहे, पण कागदावर गडगा नसतो, बागांभोवतीची ती दगड रचलेली भिंत.

आधी आकडे बघून घेऊ. न्यूटन-मीटर म्हणजे मोटरचा फिरवायचा जोर, वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा. हलक्या गाड्यांची लाट खरी सुरू झाली २०२० च्या आसपास, स्पेशलाइज्ड कंपनीची टर्बो लेव्हो एसएल आली तेव्हा. तिची मोटर फक्त ३५ न्यूटन-मीटरची आणि बॅटरी ३२० वॉट-अवरची, लोक हसले होते. मग २०२२ मध्ये ट्रेक कंपनीची फ्युएल ईएक्सई आली, त्यात टीक्यूची एचपीआर५० मोटर, ५० न्यूटन-मीटर, मोटरचं वजन १.८५ किलो, बॅटरी ३६०. फाझुआची राइड ६० मोटर म्हणजे ६० न्यूटन-मीटर आणि ४३० ची बॅटरी. बॉशने २०२३ मध्ये एसएक्स मोटर काढली, ५५ न्यूटन-मीटर, सोबत ४०० ची बॅटरी. आणि दुसऱ्या बाजूला बॉशचीच तेव्हाची फुल पॉवर सीएक्स, ८५ न्यूटन-मीटर, ६२५ नाहीतर ७५० ची बॅटरी. पूर्ण सायकलीचं वजन धरलंत तर हलकी साधारण १६ ते २० किलोत बसते, फुल पॉवर २२ ते २५. (२०२४ मध्ये ड्रोनवाल्या डीजेआयने अॅव्हिनॉक्स मोटर आणून हे गणित जरा विस्कटलं, १०५ न्यूटन-मीटर आणि मोटर अडीच किलोचीच. पण नवीन वस्तूवर आपल्या हवेत दोन पावसाळे गेल्याशिवाय मी बोलत नाही.)

आता कोकणात या. युरोपातल्या व्हिडिओत जो ट्रेल दिसतो ना, वरपासून खालपर्यंत सलग गुळगुळीत वळणं घेत जाणारा, तो आपल्याकडे नाही. आपल्याकडे सडा असतो, म्हणजे उघडा कातळमाळ, सड्यावरून पायवाट काजूच्या बागेत उतरते, तिथे गडगा, गडग्याला बेडं म्हणजे फाटक, तेही वेलींनी बांधलेलं, पुढे पऱ्या म्हणजे ओढा, पऱ्यावर दोन माडांचा साकव, पलीकडे चार घरांची वाडी आणि दगडी पायऱ्यांची पाखाडी. माझ्या नेहमीच्या वीसेक किलोमीटरच्या फेरीत मी नऊ वेळा उतरतो. एकदा मोजलं होतं मुद्दाम. नऊ वेळा सायकल उचलायची, आणि साकवावरून ती खांद्यावर घेऊन एक पाऊल एक पाऊल करत जायचं. १८ किलो उचलणं आणि २४ किलो उचलणं यातला फरक दुकानात कळत नाही, सातव्या गडग्याला कळतो.

दुसरी गोष्ट, बॅटरी संपल्यावर काय. मागच्या मार्चमध्ये जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरलो, हेदवीकडे निघालो आणि शहाणपणा करून पहिल्याच चढाला टर्बो, म्हणजे मोटरचा सगळ्यात जोराचा मोड, लावला, मित्राला दाखवायचं होतं ना. परत येताना शेवटचे दोन चढ बाकी असताना स्क्रीन काळी. हलक्या मोटरींची मजा अशी की बंद पडल्यावरही त्या पायाला फारसं अडवत नाहीत, साधी जडशी एमटीबी चालवल्यासारखं वाटतं. घाम निघाला, पण बोट मिळाली. २४ किलोची असती तर मी त्या रात्री तवसाळलाच कोणाच्या तरी पडवीत झोपलो असतो.

मग फुल पॉवर कोणी घ्यावी? तुमचं वजन शंभरीला टेकलं असेल, किंवा तुम्हाला रोज घाटच चढायचा असेल, किंवा ग्रुपमधल्या सगळ्यांकडे फुल पॉवर असेल तर घ्या. या तिसऱ्या कारणाला कोणी भाव देत नाही पण ८५ वाल्यांच्या मागे ५० वाली घेऊन जाणं म्हणजे लग्नात चुकीच्या पंक्तीला बसण्यासारखं आहे, कोणी काही बोलत नाही पण आपल्याला कळतं. ८२ किलोवाल्या तुम्हाला हलकी पुरेल. फक्त एक सवय बदलावी लागेल: आपण लोक जड गिअरवर कुंथत चढतो, मिनिटाला पन्नास फेरे मारत. या छोट्या मोटरींना ते आवडत नाही, त्या ७५-९० फेऱ्यांवर खुलतात. गिअर हलका ठेवा, पाय फिरते ठेवा. मे महिन्यात तर हे पाळाच, कारण मोटर फार तापली की ती स्वतःच ताकद कमी करते.

आणि दुकानात गेल्यावर टेस्ट राइड नंतर, आधी ती सायकल कमरेएवढ्या कट्ट्यावर उचलून ठेवा. तीन वेळा. सेल्समन बघत राहील, बघू दे.

किती किलोमीटर जाते? दुकानदार म्हणतो १००, यूट्यूबवाला म्हणतो ४०. — गुहागर

दोघंही खरं बोलत असतील, म्हणूनच किलोमीटर विचारू नका, चढ विचारा.

हिशोब सोपा आहे. तुम्ही ७५ किलो, सायकल १९, पाणी-पाठपिशवी ३, एकूण ९७ किलो. हे सगळं १०० मीटर उंच न्यायला भौतिकशास्त्राच्या हिशोबाने साधारण २६ वॉट-अवर ऊर्जा लागते. हलक्या गाडीवर मधल्या मोडमध्ये त्यातली निम्मी तुमच्या पायातून येते असं धरा. मोटरच्या वाट्याला १३, त्यात मोटरची उष्णता, चिखल, खडबडीत वाट, टायरची घसट हे सगळं धरून बॅटरीतून २० ते २५ जातात. म्हणजे ३६० ची बॅटरी दीड हजार मीटर चढाला पुरावी. टर्बोत ठेवलीत तर याच्या निम्म्यावर येईल, माझं तवसाळला झालं तसं.

आता आपल्याकडचा चढ कसा असतो, तर खाडी, मग सडा, मग परत खाडी. एक एक चढ शंभर-सव्वाशे मीटरचा, दिसायला काहीच नाही, पण दिवसभरात असे आठ झाले की हजार मीटर कधी झाले कळत नाही. घाटासारखा एकदम सहाशे मीटरचा चढ परवडला, तिथे निदान मन तयार असतं. घरून निघताना फेरीत खाड्या किती लागतात ते मोजा आणि सव्वाशेने गुणा, बॅटरीचा अंदाज बरोबर निघतो. जास्त लागत असेल तर बाटलीच्या जागी बसणारी जादा बॅटरी मिळते, रेंज एक्स्टेंडर म्हणतात, स्पेशलाइज्डची १६० ची आहे, बॉशची २५० ची. पण मग पाणी पाठीवर.

मी मालवणचो. घर समुद्राक लागून. साध्या सायकलीची चेन म्हयन्याभरात तांबडी होता, मग ही लाखांची वस्तू कशी टिकतली? आणि ओहोटीक वाळूवर चालवलेली चलता काय? — मालवण

वाळूचं आधी सांगतो: नाही चलत. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, समोर मोकळा किनारा असतो, संध्याकाळ असते, हात शिवशिवतात, सगळं मान्य. मीपण केलंय. पण मागच्या चाकाने उडवलेलं खारं पाणी आणि बारीक वाळू थेट मोटरच्या सीलवर आणि मागच्या सस्पेन्शनच्या बेअरिंगवर जाऊन बसते. कॅटलॉगमध्ये 'वॉटरप्रूफ' म्हणून जे रेटिंग लिहितात ना, ती चाचणी गोड्या पाण्याची असते. खाऱ्या पाण्याचं त्यात काही नाही.

आणि किनाऱ्यावर नाही गेलात तरी खारा वारा घरात येतोच. माझ्या मते कोकणात ई-एमटीबीचा खरा शत्रू चढ नाही, हा वारा आहे. चेन गंजते ते दिसतं तरी, पुसता येतं. न दिसणारं जास्त वाईट. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा बोल्ट असतो, दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच झाली ती, आणि त्यात खाल्लं जातं अॅल्युमिनियम. बोल्टच्या कडेला पांढरी पावडर दिसली की समजा सुरू झालं. कार्बन फ्रेम घेतली तर फ्रेम गंजत नाही हे खरं, पण तिच्यातल्या बेअरिंगच्या बैठका, मोटरचं कवच, बोल्ट हे सगळं धातूचंच.

मी काय करतो ते सांगतो. सायकल आली की दहा दिवसांत पिव्होटचे (मागच्या सस्पेन्शनचे सांधे), हेडसेटचे (हँडलखालचा सांधा), बाटलीच्या स्टँडचे बोल्ट एकेक करून काढले आणि बोटीच्या इंजिनाला लावतात ते मरीन ग्रीस लावून टॉर्क रेंचने परत बसवले. मालवणात तुम्हाला ते ग्रीस शोधायला लागणार नाही, बंदरावर कोणालाही विचारा. प्रत्येक राइडनंतर गोड्या पाण्याने धुवायची, पण बादली आणि फडकं घेऊन. गॅरेजवाल्याचं प्रेशर वॉशर बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढतं आणि पाणी आत घालतं, त्याला हातही लावू देऊ नका. चेन पुसून कोरडी करून मग ओल्या हवेचं जाड तेल.

सगळ्यात महत्त्वाचं, चार्जिंगचं भोक. त्याचं रबरी झाकण नीट बसलंय का ते धुवायच्या आधी बघायचं आणि ओली सायकल कधीच चार्जिंगला लावायची नाही. पहिल्या पावसाळ्यात मी हे केलं नाही. रात्री भिजून आलो, प्लग लावला, झोपलो. आठवड्याभरात आतल्या पिना हिरव्या. दुकानात नेली तर "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही" एवढं एक वाक्य मिळालं, आणि दीड महिना सायकल तिथेच उभी, पार्ट येतोय येतोय करत. तेव्हापासून आधी तासभर पंख्याखाली, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा पिनांवरून, मग चार्जिंग. पावसात महिनाभर चालवणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर अजिबात नको.

लायसन्स लागतं का? बॉक्सवर ६०० वॉट लिहिलंय, नियम २५० चा आहे म्हणतात. — रत्नागिरी

केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटरची सलग अर्धा तास देता येणारी ताकद २५० वॉटच्या आत, मोटरची मदत ताशी २५ किमीला बंद, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर ती मोटार वाहन धरत नाहीत. लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही. बॉक्सवरचे ६०० वॉट म्हणजे काही क्षणांसाठीचा कमाल झटका, तो आकडा वेगळा. पण चिप टाकून २५ ची मर्यादा उडवलीत की तुम्ही या सवलतीच्या बाहेर, आणि उद्या कोणाला धडक बसली तर महागात पडेल.

आमच्याकडे चाळीसेक हजारांत मागच्या चाकात मोटर असलेली ई-सायकल मिळते, डबल शॉकरपण आहे. तुमच्या त्या लाखांच्या सायकलीत असं काय सोनं लावलंय? — राजापूर

सोनं नाही, गिअर. चाकातली हब मोटर चाकाच्या वेगाला बांधलेली असते. सपाट रस्त्यावर झकास. पण दगडगोट्यांच्या चढावर वेग ताशी सहा-सात किमीवर आला की ती मोटरही मंद फिरते, करंट खात राहते आणि तापते. क्रँकची मोटर तुमच्याच चेनमधून, तुमच्याच गिअरमधून जोर लावते, म्हणून चाक हळू असलं तरी मोटर तिच्या सोयीच्या वेगाने फिरत असते. शिवाय तिच्यात तुमच्या पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो. स्वस्तातल्या बऱ्याच सायकलींत फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतात, त्यामुळे ओल्या जांभ्यावर नको तेव्हा एकदम धक्का बसतो आणि मागचं चाक सटकतं.

आणि डबल शॉकर म्हणजे फुल सस्पेन्शन नव्हे हो. नुसती स्प्रिंग असली की ती दाबली जाते आणि तेवढ्याच जोराने वर फेकते. खऱ्या शॉकमध्ये तेलाचं डॅम्पिंग असतं, ते उसळी जिरवतं. त्यातच पैसा जातो.

पण एक सांगू का, तुम्ही पुढे लिहिलंय की रोज वाडीतून स्टँडपर्यंत सात किलोमीटर जायचंय आणि रविवारी कधीतरी सड्यावर. मग चाळीस हजारवालीच घ्या. शक्यतो मागे शॉकर नसलेली, वजन कमी आणि कुरकुरणारी वस्तू एक कमी. सड्याची सपाट वाट ती आरामात करेल.

गणपतीला गावी येताना ई-एमटीबी आणायचीय, बॅटरी ३६० ची. विमान? रेल्वे? — डोंबिवलीचा चाकरमानी

विमान विसरा. प्रवासी सामानात १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि तुमची ३६० ची आहे. बऱ्याच हलक्या सायकलींत बॅटरी फ्रेमच्या पोटात बंद असते, पटकन काढून घरी ठेवू म्हणाल तर तेही नाही. रेल्वेचं म्हणाल तर पार्सल ऑफिसात बॅटरीसकट आधीच विचारा, पण गणपतीच्या गर्दीत माणूस चढत नाही तिथे सायकल कुठे चढवताय. पुढचं चाक काढून गाडीत आडवी, मागच्या सीटवर गोधडी घालून. किंवा मी तुमच्या जागी असतो तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरलो असतो आणि रेवदंडा, मुरूड, आगरदांड्याहून बोटीने दिघी असं दोन-तीन दिवसांत सायकलनेच आलो असतो. पण तुमच्यासोबत मखराचं सामान असणार.

ऑगस्टमध्ये सड्यावर चालवायला भारी वाटतं, हिरवंगार असतं. पण गावातला एक जण ओरडला. त्याचं काय जातं? — लांजा

त्याचं बरंच जातं. पहिलं म्हणजे सडा ओसाड दिसला तरी बहुतेक वेळा तो कोणाच्या तरी मालकीचा असतो, विचारून जा, एवढं साधं आहे. दुसरं, पावसाळ्यात कातळावर जी दोन बोटं माती धरलेली असते तिच्यातच सगळं उगवतं. दीपकाडीचं फूल तर आपल्याच भागातल्या सड्यांवरचं, बाहेर फारसं सापडत नाही, मग श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं ही रानफुलं. अडीच इंची टायर आणि वर मोटरचा जोर, ओल्या मातीत मागचं चाक एकदा गरकन फिरलं की तो पट्टा सोलून निघतो.

आणि तिसरं, कातळशिल्पं. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही नावं आता सगळ्यांना माहीत झालीत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेलीत. पण सड्यावर पायाखाली काय आहे हे गवत वाढलं की दिसत नाही. पावसात मी सड्यावर मळलेली गाडीवाट सोडत नाही. आणि शेवाळलेल्या जांभ्यावर पडलात तर तो दगड खरवडतो कसा ते एकदा अनुभवलंत की मोह आपोआप जातो. डिसेंबरात या, वाट सुकी असते, कातळ पकड देतो, तेव्हा मनसोक्त. फक्त टायरमध्ये ट्यूब नको, भोक बुजवणारं सीलंट घालून ट्यूबलेस करा. करवंदाच्या जाळीतून एकदा गेलात की ट्यूबची चाळण होते. आपल्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघत जा.

वय ५४, गुडघा कुरकुरतो, डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलंय. मुलाची हलकी ई-एमटीबी घरात पडून आहे तो पुण्याला गेल्यापासून. मागचा शॉक हलतच नाही, दगडावर ढुंगण शेकतं. आणि नवरा म्हणतो मोटर लावून सायकल चालवणं म्हणजे चिटिंग. — देवरूख

ताई, शॉक बिघडलेला नाही, तो मुलाच्या वजनासाठी भरलेला आहे. शॉक पंप म्हणून छोटा पंप मिळतो, मुलाच्या कपाटात असेलच, त्याने हवा कमी करायची. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. ती सीलला टेकवा, कोणाला तरी सायकल धरायला सांगून पाठपिशवीसकट हळूच सीटवर बसा, न उसळता उतरा. रिंग जेवढी सरकली ते दांड्याच्या एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के हवं. चाल ५५ मिलीमीटर असेल तर १४ ते १६. कमी असेल तर थोडी हवा सोडा, परत बसा. पुढच्या फोर्कचंही असंच, तिथे जरा कमी, २० टक्क्यांच्या आसपास. टायरची हवाही मुलाएवढी नको, कडक टायरनेही शेकतं.

गुडघ्यासाठी सीटची उंची बघा: पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असली की गुडघ्यावर सगळा भार येतो आणि आपल्याकडे भीतीपोटी सगळे सीट खालीच ठेवतात. तुमच्या सायकलीला बहुतेक ड्रॉपर असेल, हँडलवरचं बटण दाबलं की सीट खाली जाते, उतारावर आणि थांबताना ते वापरा, चढाला वर. गिअर हलका, मोटर मधल्या मोडवर, पहिले पंधरा दिवस मार्लेश्वरच्या रस्त्याला जाऊ नका, गावातल्या गावात फिरा. दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा.

नवऱ्याला एकदा विचारा, ते स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला कशाने जातात.